शिवल्यांची पाटी आणि भिंतीवरची मी

प्रिय सोनल बाय,

हे पत्र मी बोलतेय आणि समोरच्या सोसायटीतल्या नंदिनीताई लिहितायत. मी हाय म्हटलं की त्या आहे लिहितात, तेव्हा आजी एका दिवसात शिकली असं समजू नकोस. तुला खांदेश्वरला फोन केला असता, पण फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. इथे तुला मधे तोंड घालता येणार नाही.

तुझी ती फेलोशिप मला अजून कळलेली नाही. नोकरी म्हणावी तर साहेब नाही, शाळा म्हणावी तर पैसे तेच देतात. शहराची तब्येत बघायची आणि चित्रं काढायची, असं तू सांगितलंस. मी म्हटलं, धड डॉक्टर नाही, धड पेंटर नाही, मग लग्नाच्या पत्रिकेत काय छापायचं? तू हसलीस आणि ओहोटीला माझ्या मागोमाग खाडीत उतरलीस. चिखलात तुझी चप्पल रुतली, तर ती काढायची सोडून तू चिखलच डबीत भरून घेतलास. तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. मग माझ्या पाटीतल्या वाटीभर शिवल्या, नंदिनीताई त्यांना तिसऱ्या म्हणतात, तपासायला नेल्यास, कागद घेऊन आलीस, म्हणालीस यात शिसं आहे. मी म्हटलं, जन्मभर खातेय, मग अजून मेले कशी नाही? तू कागदाची घडी घालून पिशवीत ठेवलीस. तू भांडतेस तेव्हा मला काही वाटत नाही, भांडत नाहीस तेव्हा भीती वाटते.

आता सारसोळ्याच्या जेट्टीवर भिंतभर मी उभी आहे. नाक सरळ केलंस, बरं वाटलं. पण डोक्यावरची पाटी त्याच चिखलाने काळी केलीस. खाली काय लिहिलंस ते तुझ्या प्रीतमदादाने वाचून दाखवलं: या शिवल्या कोण खातं? ते वाचून दोन गिऱ्हाइकं परत फिरली. झालं, बाजारातल्या सगळ्या जणी माझ्या दारात. म्हणाल्या, अगं पुतळे, नात तुझी, पण पोटं आमची. रविवारी भिंत बघायला पाहुणे यायच्या आत तिला त्या चित्रावर चुना मारायला सांग. मी म्हटलं, सांगते. नंदिनीताई म्हणतायत, मुद्द्यावर या. अहो, मुद्दाच सापडत नाही. भिंतीसमोर उभी राहिले की वाटतं, पोरीने माझा मान केला. घरी येईपर्यंत वाटतं, आळ घेतला. खाडीत घाण आम्ही सोडली नाही, मग भिंतीवर मीच का? बायका बोलतात ते पटतं, तुझं आठवतं तेही पटतं. या वयात डोकं असं दोन्हीकडे पळायला लागलं, तर मी कोणाच्या मागे धावू?

आता खरं सांगते. सोमवारी आपल्या प्रीतमच्या बायकोने, सुचिताने, शिवल्यांचं कालवण मागितलं. पाचवा महिना, डोहाळे लागलेत. पाटी मागच्या दारी भरलेली होती. मी म्हटलं, आज मिळाल्याच नाहीत गं. आणि तीच पाटी उचलून समोरच्या सोसायटीत विकून आले. घेतल्या नंदिनीताईंनी. त्यांची नात आली होती जेवायला. आपल्या घरात लिहिणारे चौघे आहेत, प्रीतमने दोन मिनिटांत लिहिलं असतं. पण हे मला यांच्या तोंडावर सांगता येईना, चार दिवस जिना चढून परत फिरले, म्हणून यांच्याच हाताने तुला लिहायला बसले. त्यांचा पेन थांबलाय. मी म्हटलं, लिहा ताई, काही गाळू नका. लिहितायत, पण माझ्याकडे बघत नाहीत. तू भिंतीला चुना मारू नकोस. बायकांना काय सांगायचं ते माझं मी बघते. उद्या सकाळी ओहोटी आहे. मी उतरेन की नाही, मला माहीत नाही.

तुझीच,
पुतळा आजी
(डाव्या हाताचा अंगठा)