जांभळ्या लायलॅकची मालकी

मी, लामर्ट झ्वानेनबर्ग, वय एकोणपन्नास, राहणार आल्समेर, अविवाहित, धंदा लायलॅक या सुवासिक फुलझुडपाची लागवड, देवाच्या कृपेने डोके ठिकाणावर असताना आणि कोणी बळजबरी केलेली नसताना हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो. येत्या गुरुवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. कागद न करता गेलो तर सगळे माझा धाकटा भाऊ गोव्हर्त याला मिळेल. तसे होऊ नये, एवढ्यासाठी हा खटाटोप.

१. राहते घर व बँकेतली शिल्लक आमच्या चर्चला. आधी छत दुरुस्त करावे. नवा ध्वनिक्षेपक घेऊ नये. पाद्रीबाबांचा आवाज पुरेसा आहे.

२. तलावातले बेट, त्यावरची झुडपे, सपाट होडी, काचघर आणि कुदळी-करवती हालिना ग्झेलाक हिला. ती पोलंडहून माझ्याकडे कामाला आली त्याला अठरा हिवाळे झाले. हिवाळ्यात काचघरात न्यायला मुळांच्या गड्ड्यासकट झुडूप उपटून होडीत ठेवावे तर तिनेच.

३. गोव्हर्तला वडिलांचे बायबल. तो ते उघडेल अशी अपेक्षा आहे, खात्री नाही.

४. याचे कारण लिहिणे भाग आहे. गोव्हर्तने आपल्या वाटणीचे बेट विकले आणि फुलबाजाराच्या एका साप्ताहिकात ‘नवे वाण’ हे पान लिहू लागला. बारा वर्षे दर शुक्रवारी त्याला क्रांती सापडते आहे. चमकी फवारलेली शेवंती ही क्रांती. देठातून निळा रंग पाजलेले ऑर्किड ही क्रांती. बिनवासाचा गुलाब तर महाक्रांती, कारण तो खोक्यात पंधरा दिवस टिकतो. फुलाला वास देताना देवाने घाऊक व्यापाऱ्यांना विचारले नसावे.

गेल्या जानेवारीत तो बातमी शोधत माझ्या काचघरात आला.

“दादा, पाटीवर जांभळा वाण लिहिलाय आणि फुलं पांढरीशुभ्र! एवढं दडवून ठेवलंस होय?”

“गोव्हर्त, आत किती गरम आहे बघ,” मी म्हणालो.

“हो ना. कोट काढतो.”

हालिना हसू दाबत बाहेर निघून गेली. हिवाळ्यात झुडूप उबेत फुलवले की जांभळे लायलॅक पांढरे उमलते, हे आमच्याकडे पोरांना शाळेत जाण्याआधी कळते. पुढच्या शुक्रवारी फोटोसकट छापून आले: ‘हिमराणी’, शोधक गोव्हर्त झ्वानेनबर्ग. फुलांचे लिलावघर आठवडाभर हसत होते. तो मात्र मलाच म्हणाला, “तू सांगितलं नाहीस.” मी सांगितले होते. त्याने कोट काढला.

५. फोटो काढताना त्याने एक फांदी कोपराने सारली होती. “ही जरा धर रे, मध्ये घाण दिसतेय.” ती फांदी त्या उष्णतेतही जांभळी होती. हालिनाला ती त्याच्या तीन वर्षे आधीच दिसली होती. “मालक, ही बघा, पांढरी व्हायलाच विसरली.” आम्ही तिची कलमे बांधली. दर हिवाळ्यात उबेत ठेवली. रंग हलला नाही. माझे आजोबा अशा फांदीची वाट बघत गेले.

आता या फांदीची कुणकुण लागल्यावर गोव्हर्तचा फोन आला, तोही रविवारी, प्रार्थनेच्या वेळी. “दादा, तुझं काही बरंवाईट झालं तर नोंदणीचं मी बघतो. नावही सुचलंय.”

या वाणाचे सर्व हक्क हालिनाचे. नाव तिनेच ठेवावे, माझे नको. ती म्हणाली, “मालक, तुमच्या भावाचा वकील आला तर पोलिश बाईचं कोण ऐकणार?” बरोबर बोलली. म्हणून काल आम्ही दोघे वाण-नोंदणीच्या कार्यालयात गेलो आणि शोधक व मालक या दोन्ही रकान्यांत तिचे नाव भरून आलो. पोचपावती तिच्याकडे आहे. या कलमासाठी कोणी माझ्या मरणाची वाट पाहू नये.

६. पाद्रीबाबांनी हा मजकूर वाचून चौथे कलम खोडायला सांगितले. खोडलेले नाही. त्यांनी असेही सांगितले, की भावावरचा राग घेऊन शस्त्रक्रियेला जाऊ नकोस. ते ऐकतो. गोव्हर्तसाठी मी रोज प्रार्थना करतो, आणि वाचलो तर लायलॅक त्याला पहिल्यापासून शिकवीन. नाही वाचलो तर त्याने हालिनाकडे शिकायला जावे, आणि तिला मालकीणबाई म्हणावे.

साक्षीदार:
१. हेंद्रिकुस टोलमन, चर्चचे वडीलधारे (सही)
२. यानेके स्लॉप, शेजारीण (सही)

लिहून देणार: लामर्ट झ्वानेनबर्ग (सही)
आल्समेर, मंगळवार, १९ नोव्हेंबर २०१९