परत खोचलेली कांडी

३ ऑक्टोबर
आपल्याला एक आजी आहे हे तू विसरली असशील, येल्ट्या, म्हणून कळवते: मी जिवंत आहे आणि नोकरीला लागले आहे. सगळा जन्म मालाच्या बोटीवर गेला आणि आमची बोट कधी शाळेपाशी थांबली नाही. म्हणून ही रोजनिशी टेपवर बोलते. तू उतरवून ठेव.

फ्रिसलंडमधली ही डेअरी झकास आहे. मला वरची खोली मिळाली, जमीन हलत नाही. काम चाखण्याचं. कमी चरबीचं चीज म्हणजे ओला खडू, म्हणून मालक वोब्बेने त्यात नवं विरजण घातलंय. त्यातले जिवाणू चव आणतील म्हणे. मी म्हटलं, साय आपण काढायची आणि चव किड्यांकडे मागायची! तो पोट धरून हसला.

९ ऑक्टोबर
चीजच्या गोल चाकात पोकळ सळई खुपसून चीजची कांडी काढते, टोक चावते, उरलेली कांडी परत खोचून बोटाने लिंपते. वोब्बे म्हणतो, चावू नका, मोडून घ्या. बाजारात आम्ही जन्मभर चावूनच चाखलं. अजून खडूच.

१६ ऑक्टोबर
आज चव आली. धुरावलेल्या वाम माशाची, किंचित जळकी, तुझे आजोबा करायचे तश्शी. वोब्बे नाचला. जेवताना खरी वाम खाल्ली, तर तोंडात ओला कागद.

२० ऑक्टोबर
दुसऱ्या चाकाला माझ्या वाटाण्याच्या सुपाची चव. सूप मात्र कोमट पाणी.

माझ्या आधी इथे डुर्क चाखायचा. त्याच्या घरी गेले. तो दुसरं काही खातच नाही, बायको म्हणाली. मांडीवर आमचंच चीज. "ह्यात माझ्या आईची लापशी आहे गं," तो म्हणाला. "बाकी कशात काही राहिलं नाही."

मग उमगलं. कांडीबरोबर आपली लाळ आत जाते. विरजणाला खायला चरबी नाही. ते आपल्याला खातं.

२३ ऑक्टोबर
वोब्बेला सांगितलं. आजी, वयाने जीभ मरते, म्हणाला. माझी जीभ किती जिवंत आहे ते त्याला तासभर ऐकवलं.

निघून जाऊ? आजोबांची ती चव, त्यांचं माझ्याकडे एवढंच उरलं होतं. ते चीजच्या फळीवर सोडून?

त्याला चव हवी ना. देते.

२५ ऑक्टोबर
कपड्यांचा साबण चघळला. एकेका चाकाची कांडी चावली, परत खोचली.

२७ ऑक्टोबर
सगळी चाकं साबणाची. व्यापारी थुंकून गेला. वोब्बे रडला, मी नाही.

पण कांड्या — आपोआप बाहेर आल्यात. फळीभर. ओल्या. माझ्याकडे वळलेल्या, जिभांसारख्या —

२८ ऑक्टोबर
चीजच्या खोलीचं दार आतून लावलंय. मीच. कांडी चावून गिळली, परत खोचली नाही — सुपाची चव परत मिळाली! वाम अजून — ते ओढतात, मीही ओढते —

टपालवाला ही टेप खिडकीतून नेईल. खायला पाठव, येल्ट्या. केक नको, गोड काही नको, मी खाईन ते चाकांना मिळतं, त्यांचे लाड होतील. कच्चे कांदे, तिखटातली तिखट मोहरी, कुबट सुके मासे — भरपूर. हे चीज तू चाखू नकोस. आणि —