पूर चढण्याआधीचं घर

मोंगू, मार्च

आईस मुतिंताचा दुरूनच वाकून नमस्कार.

मी बरी आहे. दोन्ही वेळ न्शिमा शिजवून खाते, तेव्हा वाळलीस का म्हणून विचारू नकोस.

इस्पितळाची पाच वर्षांची योजना मी लिहीत होते, ते तुला ठाऊकच आहे. मोठ्या साहेबांना त्यात आधी नवं शस्त्रक्रियागृह हवं होतं. पण आमची जुनी सुईण इनोंगेबाई मला म्हणाली, "पोरी, बायका नदीपलीकडेच अडकतात. तुझ्या इमारतीत येणार कोण?" गेल्या पुरात चौघी होडीतच दगावल्या होत्या. मग मी योजना नव्याने लिहिली. पहिलं काम, इस्पितळाशेजारी गरोदर बायकांसाठी घर, म्हणजे पूर चढण्याआधीच त्या येऊन राहतील.

"ही योजना आहे की धर्मशाळा?" साहेब चिडून म्हणाले. माझी नोकरी अजून कायम नाही, तरी मी मागे हटले नाही. शेवटी इस्पितळाच्या समितीने माझं ऐकलं आणि पूर चढण्याआधी घर उभंही राहिलं.

यंदाच्या पुरात एकही बाई दगावली नाही. परवा साहेब त्या घरात बायकांबरोबर जेवले आणि जाताना म्हणाले, "पुढच्या वर्षी दोन खोल्या वाढव." माझ्या नोकरीचं मात्र काही बोलले नाहीत. बोलतील, तू काळजी करू नकोस.

बाबांचा खोकला थांबला का? आणि आपल्या चोल्वेला आठवा लागला ना? तिला आत्ताच शहरात मावशीकडे नेऊन ठेव. मी सांगितलं की हसते, "ताई, कळा आल्या की निघेन" म्हणते. साहेबांना मी पटवलं, माझ्या बहिणीला तेवढं तू पटव.

तुझ्या हातच्या जेवणाला आसुसलेली,
मुतिंता