कारखान्याच्या भिंतीवरचा माणूस

आबा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या फोटोची काचसुद्धा दोनदा बदलली. पत्र आत्ता सांगतेय, कारण लिहिणारी आत्ता सापडली. ही माझी नात, तुमची पणती. बोलते मी, लिहिते ती, आणि मधे मधे माझी भाषा सुधारते. सुधारू नको म्हटलं तर म्हणते, "आजी, तू वाक्य संपवतच नाहीस." मला कुठं गाडी पकडायचीय? हेही लिही.

मला अक्षर येत नाही ते तुमच्यामुळे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं गोड बोलायची जबाबदारी राहणार नाही. अंबरनाथातल्या अर्ध्या दुकानांच्या पाट्या तुमच्या हातच्या. खडूची पूड लावलेल्या दोरीचं एक टोक मी धरायची, तुम्ही ती मधे उचलून फटकन सोडायचात, भिंतीवर सरळ रेघ उमटायची. त्या रेघेवर तुम्ही अक्षरं बसवायचात आणि मी त्यांच्या पोटात रंग भरायची. शाळेत घाला म्हणून आई मागं लागली तर तुमचं ठरलेलं, "हिचा हात रंगात बसलाय, हिला अक्षरं कशाला?" एवढी अक्षरं रंगवली मी, एक वाचलं नाही. पण चित्र मला वाचता येतं, आणि ते तुमच्यापेक्षा बरं येतं. रागावा हवं तर.

आता ही पोरगी जाहिरातींची चित्रं काढायला शिकते. मंडळवाल्यांनी तिला नशेच्या विरोधात बॅनर करायला सांगितला, एमआयडीसीच्या शिफ्टच्या रिक्षा भरतात त्या स्टँडवर लावायला. अभ्यास म्हणून तिनं फोनवर कुठलीकुठली पोस्टरं जमवली. ती शब्द वाचायची, मी चित्र. कवटीतून निघणारा धूर. सुईचा झालेला साप. तुरुंगाचे गज. रंगीत गोळ्यांचा ढीग तर असा झकास काढला होता की मलाच एक चघळावीशी वाटली. शब्द सगळे हवालदाराच्या तोंडचे: मरशील, सडशील, संपशील. मी म्हटलं, "अगं, ज्याला मरणाची भीती आहे तो घेतच नाही. ज्याची भीती संपलीय त्याला कवटी दाखवून काय करणार, नमस्कार?" आणि प्रत्येक चित्रात एक आई, तोंडात पदर खुपसून रडणारी. मी नाही बाई रडले. मी लाटणं घेतलं होतं.

कारण हे आमच्याच घरात झालंय, आबा. हिचा मोठा भाऊ, माझा नातू, दोन वर्षं पावडर घेत होता आणि आम्हाला पत्ता नाही. पोस्टरातल्या नशेबाजाचे केस वाढलेले, शर्ट फाटका. हा तर इस्त्रीचा शर्ट घालायचा, भांग पाडायचा, वर सेंट मारायचा. आम्ही फाटक्या शर्टाची वाट बघत बसलो. चित्रांनी त्याला वाचवलं नाहीच, आम्हाला मात्र फसवलं. व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला, त्याला आठ महिने झाले. आता एमआयडीसीत मशीनवर आहे. रोज त्याच स्टँडवरून जातो.

परवा नात म्हणाली, चल, बॅनर छापायच्या आधी बघून घे. उल्हासनगरला छपाईच्या दुकानात गेलो. दुकानदार सिंधी, तोंडाचा गोड. त्यानं कॉम्प्युटरवर बॅनर उघडला. एका बाजूला माझा नातू, गालफडं बसलेला, केंद्रात नेलं त्या दिवशीचा. दुसऱ्या बाजूला तोच, आताचा, भरलेला. दोन्हीकडे डोळ्यांवर काळी पट्टी.

"अम्मा, डर दिखाओ तो पब्लिक रुकती है," दुकानदार म्हणाला. "आँख पे पट्टी मार दी है. कौन पहचानेगा?"

"कान कोणाचेत?" मी विचारलं.

"काय?" नात म्हणाली.

"डोळे झाकलेस. कान कोणाचेत ते? पातेल्याच्या कड्यांसारखे असे कान अख्ख्या अंबरनाथ पश्चिमेत एकाच डोक्याला आहेत."

"तो क्या, कान भी काट दूँ?"

"पहले तेरा काट," मी म्हटलं. तो हसला. नात हसली नाही. रिक्षात बसल्यावर फुगून म्हणाली, "आजी, त्याला विचारलंय मी. तो हो म्हणालाय."

"हो म्हणताना काय करत होता?"

"बुटाची लेस बांधत होता."

"बांधलेली होती ती. मी लांबून बघत होते, तुमचं बोलणं तेवढं ऐकू आलं नाही. बांधलेली लेस सोडून परत बांधत होता."

मग त्या रिक्षातच मी तिला तुमच्या भिंतीची गोष्ट सांगितली. सगळी नाही.

कारखान्याच्या फाटकासमोरची भिंत. दारू सोडा म्हणून चित्र रंगवायचं काम तुम्हाला मिळालंय. मी आठ-नऊ वर्षांची, डबे धरून उभी. तुम्ही माणूस काढलाय: गुडघे वर घेऊन बसलेला, हातात बाटली, डोळे अर्धे मिटलेले, लाल. वर अक्षरांच्या चार ओळी. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाळी सुटते आणि काका बाहेर येतो, तुमचा धाकटा भाऊ. त्याच कारखान्यात कामाला. तो पितो, हे सगळ्यांना ठाऊक. कोणीतरी ओरडतं, "अरे, तुझा फोटो लागला रे भिंतीवर!" सगळे हसतात. आधी काकाही हसतो. मग तो वाचायला लागतो. तिसरी शिकलेला, ओठ हलवत वाचायचा. ओठ थांबतात आणि हात डाव्या कानाकडे जातो. लहानपणी बाळी अडकून त्याच्या त्या कानाची पाळी फाटली होती. भिंतीवरच्या माणसाचीही फाटलेली आहे.

त्या दिवशी तो घरी आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आईनं त्याचं ताट झाकून ठेवलं, पुढं कितीतरी महिने ठेवत राहिली. कोणी म्हणे सुरतेला दिसला, कोणी म्हणे बदलापूर गावात कुणाच्या शेतावर राबतो. तुम्ही दोन्हीकडे जाऊन आलात, हात हलवत. भिंतीला चुना मारलात, तर चुन्यातून लाल रंग वर आला, आधी डोळेच आले. त्या चित्रानं दारू किती जणांनी सोडली? एकानंही नाही. गाव मात्र एकानं सोडलं. लोक म्हणाले, सख्ख्या भावानं भावाला भिंतीवर टांगलं. तुम्ही मरेपर्यंत एकच सांगत राहिलात, "मी त्याला काढला नव्हता. मी दारुड्या काढला होता." कोणी विश्वास ठेवला नाही.

घरी पोचेपर्यंत नातीनं दुकानदाराला फोन करून बॅनरवरचे फोटो काढून टाकायला लावले. मंडळवाले आले भांडायला. "आजी, लोकांना प्रेरणा मिळाली असती." मी म्हटलं, "मग तुमच्या घरातला कान लावा. तुमच्या घरात कोणी पीत नाही, फुंकत नाही? सांगा, मी फोटो आणून देते." चहासुद्धा न घेता गेले. बरं झालं, दूध कमी होतं.

मग नातीला म्हटलं, ताट काढ. वर दुसरं ताट झाकलेलं, बाजूला तांब्या. शब्द लिही, 'उशीर झाला तरी ये. ताट झाकून ठेवलंय.' खाली लहान अक्षरात केंद्राचा फोन. ती म्हणाली, "आजी, यात नशा कुठाय?" मी म्हटलं, ज्याच्यासाठी आहे त्याला दिसेल. लागलाय आता बॅनर. मंडळवाले म्हणतात खानावळीची जाहिरात वाटते, आणि खरंच दोघांनी रिक्षावाल्याला विचारलं म्हणे, थाळी केवढ्याला. विचारू देत. मी तो उतरवू देणार नाही. नातू पहिल्या दिवशी त्याखालून गेला आणि शिफ्ट सुटल्यावर घरी आला. बूट काढता काढता म्हणाला, "आजी, झाकलंयस ते ठीक, पण भाजी कसली?" कारली होती. तोंड वाकडं करून सगळी खाल्ली.

आता पुढचं नातीला माहीत नाही, तिला लिहिता लिहिता कळेल. तुमच्या त्या भिंतीच्या कामाचा दुसरा दिवस, दुपारी तुम्ही चहाला गेलात. मी भिंतीसमोर एकटी. तो माणूस मला काकाच वाटला. काका असाच बसायचा, आणि असा बसला की मला गोष्टी सांगायचा. त्याच्या हातातली बाटली मला छत्रीसारखी, असायचीच. मला वाटलं, केवढ्या मोठ्या भिंतीवर आपला काका लागलाय, आणि आबा त्याचा कान विसरले. वर काय लिहिलंय ते मला कुठं वाचता येत होतं? डबा पालथा घातला, वर चढले, तुमच्या बारीक ब्रशनं डावा कान फाडला. तुम्ही परत आलात ते थेट अक्षरांच्या मापाला लागलात. लिही गं, थांबू नको.

तुम्ही खरं बोलत होतात, आबा. हे मी आईलाही सांगितलं नाही, तुम्ही अंथरुणावर होतात तेव्हा तुम्हालाही नाही. पण सगळं माझ्या पदरात घेणार नाही. कान माझा होता. वरच्या चार ओळी तुमच्या होत्या, आणि त्या मला वाचता येऊ नयेत ही सोयही तुमचीच. पत्र कुठं पाठवायचं नाही, नात विचारतेय पत्ता, तिला म्हटलं पाठव भिंतीला. एवढंच राहिलं: त्या संध्याकाळी भिंत वाचून झाल्यावर काका माझ्याजवळ आला, रोजच्यासारखे खिशातले चणे माझ्या ओंजळीत ओतले, आणि मी ते खात, तो कानाला शाबास म्हणेल म्हणून त्याच्या तोंडाकडे बघत उभी होते.