ग्रानादात मी फारसं जेवलो नाही

१२ सप्टेंबर, ग्रानादा
पोचलो. खोली विद्यापीठापासून लांब, पण साधी आणि अभ्यासाला पोषक. घरमालकीण एन्कार्नाबाई: पासष्टीच्या पुढच्या, नवरा वारलेला, मुलगा जर्मनीत. राहणं-जेवण दोन्ही त्यांच्याकडेच. आल्याआल्या त्यांना स्पष्ट कल्पना दिली की मी बोलिव्हियाहून इथे स्पेनमध्ये कालव्यांचा अभ्यास करायला आलोय, जेवायला नाही. माझा आहार अगदी बेताचा असतो. "बरं बाबा," म्हणाल्या आणि सॉसेज घातलेल्या मसुराची ताटली पुढ्यात ठेवली. पहिल्याच दिवशी नको म्हणणं बरं दिसेना. दुसऱ्यांदा वाढलं तेव्हाही बरं दिसेना.
संकल्प: रोज सहाला उठणे. थिसिस नाताळच्या आधी. वजन आणलंय तेवढंच परत नेणे.

१३ सप्टेंबर
दहाला उठलो. प्रवासाचा शीण.
आईचा फोन. तिकडे कोचाबांबात बस स्टँडजवळ आमची खानावळ आहे. मी शाळेत होतो तेव्हापासून आई ती चालवते, हाताखाली निल्दा. मी शिकून पाटबंधारे खात्यात लागलो की आई खानावळ बंद करणार आणि पाय वर घेऊन बसणार, असं ठरलंय. तिचे गुडघे गेलेत. म्हणजे सगळं माझ्यावर आहे.
काय जेवलास, असं विचारलं. म्हटलं, थोडे मसूर. "थोडे म्हणजे किती वेळा?" मी हवापाण्यावर आलो.

२१ सप्टेंबर
महत्त्वाचा शोध. इथे बारमध्ये एक ग्लास मागवला की सोबत खायची बशी फुकट येते. प्रत्येक ग्लासाबरोबर वेगळी. पहिल्याबरोबर तळलेले छोटे मासे, दुसऱ्याबरोबर वांग्याचे काप मधात. तिसऱ्याबरोबर काय येतं हे न बघता उठणं संशोधकाला शोभलं नसतं. शिवाय घरचं रात्रीचं जेवण वाचतं.
घरी आलो तर एन्कार्नाबाईंनी ऑम्लेट झाकून ठेवलं होतं. त्यांचं मन मोडवेना.

९ ऑक्टोबर
प्रोफेसर मालदोनादोबाईंशी भेट. बारीक, शिस्तीच्या, चष्मा साखळीला. म्हणाल्या, शहराबाहेरच्या मळ्यांना अजूनही अरबांच्या काळातले कालवे पाणी देतात. शेतकऱ्यांना जाऊन भेट, पाण्याची पाळी कशी ठरते ते विचार. मी म्हटलं, चिंता करू नका, माणसांशी बोलणं हा माझा हातखंडा आहे. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. प्रभाव पडलेला दिसतोय.

२७ ऑक्टोबर
पहिली पाहणी. अभ्यास कसा उत्स्फूर्त होतो याचा नमुना. गावात उतरलो तर पाऊस. पाऊस पडला की इथे घरोघर शिळ्या पावाचा चुरा लसणीवर परततात, सोबत सुकी मिरची, सार्डिन मासे आणि डाळिंबाचे दाणे. शेतकरी म्हणाला, कालवा कुठे पळून जातोय, आधी बस. बसलो. संध्याकाळी त्याच्या बायकोने डबा भरून दिला आणि त्याने बसपर्यंत सोडलं.
कालवा स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसत होता. वाहतोय असं वाटलं.

१६ नोव्हेंबर, रविवार
आज एन्कार्नाबाईंना आमच्याकडचं शेंगदाण्याचं सूप खाऊ घालायचं ठरवलं. जन्मापासून रोज पितोय, म्हणजे येतंच. बारमधून शेंगदाण्याची पाकिटं आणली, मिक्सरमधून काढली, पाण्यात टाकली. तासाभराने त्याचा वास आणि रंग दोन्ही समुद्राकडे झुकले. एन्कार्नाबाईंनी चव घेतली, चमचा हळूच खाली ठेवला आणि म्हणाल्या, "पोरा, तुझ्या आईला फोन लाव."
आईने व्हिडिओवर भांड्यात डोकावून बघितलं. म्हणाली, "खारे दाणे घातलेस? भाजलेले?" मी सांगायला लागलो की इथले दाणेच वेगळे असतात. तिने मला बाजूला व्हायला सांगितलं. मग दोघी बराच वेळ बोलत होत्या: दाणे कच्चेच वाटायचे, बरगडीचं मटण आधी शिजवायचं, वरून तळलेल्या बटाट्याच्या काड्या. मला बटाटे सोलायला दिले. नंतर तेही काढून घेतले.
सूप उत्तम झालं. माझी कल्पनाच मुळात चांगली होती.

३ डिसेंबर
आई आणि एन्कार्नाबाई आता रोज फोनवर असतात. एकीला गुडघ्याचं सांगायचं असतं, दुसरीला जर्मनीतल्या सुनेचं. बायकांच्या गप्पा. मी लक्ष देत नाही. फक्त काल आईने आपणहून विचारलं, "दुपारी तीनदा भात घेतलास म्हणे?" हे तिला कसं कळतं, समजत नाही. आईचं काळीज, दुसरं काय.
थिसिस नाताळच्या आधी होणं कठीण. नाताळनंतर सलग बसणार.

१७ जानेवारी
सान आन्तोन या संताची जत्रा. आज डुकराचे कान, शेपूट, पाय, घेवड्याच्या सुक्या बिया आणि भात, असं सगळं एका हंड्यात शिजतं. जेवल्यावर खुर्ची आणि मी दोघेही थोडा वेळ हललो नाही.
दोन्ही पँट आखूड पडल्यात, विशेषतः आडव्या. एन्कार्नाबाईंचं वॉशिंग मशीन जुनं आहे. त्यांना तसं सौम्यपणे सुचवलं. म्हणाल्या, "माझे पडदे नाही रे आटले कधी." पडद्यांचं कापड वेगळं असतं.

१० फेब्रुवारी
मोठा निर्णय. पाटबंधारे खात्यात खितपत पडण्यासाठी मी जन्मलेलो नाही. परत गेलो की आईची खानावळ ताब्यात घ्यायची, रंग द्यायचा आणि कोचाबांबातलं पहिलं खरंखुरं स्पॅनिश उपाहारगृह काढायचं. आई गल्ल्यावर बसेल, पाय वर घेऊन. निल्दाला मी तयार करीन. आईचा स्वयंपाक चांगला आहे, पण दृष्टी नाही.
त्यासाठी आज बटाट्याचं ऑम्लेट शिकलो. म्हणजे एन्कार्नाबाई करत होत्या आणि मी जवळ उभा होतो. उलटायची वेळ आली तेव्हा मी हात पुढे केला. त्या म्हणाल्या, "तू ताटली धर. नाही, नकोच. तू बस." हाताची हालचाल नीट बघून घेतली आहे. सोपी आहे.

२२ मार्च
मालदोनादोबाईंनी विचारलं, किती पानं झाली. म्हटलं, सामग्री अफाट गोळा झाली आहे. त्या म्हणाल्या, "ते दिसतंय." माझ्या शर्टाकडे बघत होत्या. शर्ट नवा आहे, त्यांना आवडला असावा.

६ मे
कोवळ्या शेंगांचे दिवस. सोलून, दाणे हॅमच्या तुकड्यांबरोबर परतायचे, वर अंडं. प्रत्येक गावात थोडी वेगळी पद्धत. हे कुणीतरी लिहून ठेवायला हवं. मी ठेवतोय, थिसिसमध्येच.

२९ जून
तोंडी परीक्षा. तिघे परीक्षक. मी आत्मविश्वासाने बोललो. मिरचीच्या भागात तर रंगलो. शेवटी मालदोनादोबाईंनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "रोमुलो, तिसरं प्रकरण पाण्याबद्दल आहे, ते मला पटलं. बाकी सगळीकडे पाणी फक्त डाळीत दिसतं."
दुसरे दोघे हसले. वातावरण खेळीमेळीचं होतं. पास केलं, तिसऱ्या प्रकरणावर. बाहेर पडताना त्यांपैकी एकाने थांबवून विचारलं, ते वांगं कुठल्या गावात मिळतं. यालाच संशोधनाचा उपयोग म्हणतात.

१२ जुलै
निघालो. एन्कार्नाबाई बस स्टँडपर्यंत आल्या. कारण नसताना माझी कॉलर तीनदा सारखी केली. म्हणाल्या, मुलगा जर्मनीला गेल्यापासून एकटीसाठी काय रांधायचं, म्हणून पाव-चीजवरच भागत होतं. या वर्षी रोज गॅस पेटला. "आता पुन्हा काय करू, सांग बरं." त्यांनी दिलेला डबा हातात होता. बस सुटल्यावर लगेच उघडला नाही.
पहिला बोगदा गेल्यावर उघडला.

१५ जुलै, कोचाबांबा
घरी. विमानतळावर आई मला ओलांडून मागच्या माणसांत शोधत होती. मग मागे वळून बघितलं आणि हसायलाच लागली. निल्दा म्हणाली, "दोघे गेले होते का?"
दोन दिवस आराम, मग कामाला लागणार. आईला योजना समजावली. सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "बघ करून. एक आठवडा देते."
एक आठवडा पुरेसा आहे.

१८ जुलै
पहिला दिवस. टोमॅटोचं गार सूप ठेवलं होतं, अस्सल पद्धतीचं. इथे नेमका हिवाळा आहे, ही तांत्रिक बाब. पहिलं गिऱ्हाईक बस ड्रायव्हर. चमचा तोंडात घातला आणि हाक मारली, "निल्दाबाई, सूप गार झालंय, जरा गरम करून द्या." मी खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसलो आणि समजावलं की ते गारच प्यायचं असतं. तो म्हणाला, "घरी बायको भांडली की पितोच ना, इथे कशाला?" तोवर निल्दाने सगळं पातेलंच गॅसवर चढवलं होतं.
लोकांना वेळ द्यावा लागेल.

१९ जुलै
जेवणाची वेळ बदलून दुपारी तीन केली, तिकडच्यासारखी. बाराला आलेली माणसं दाराशी पाटी वाचून शेजारच्या खानावळीत गेली. तीन वाजता एक कुत्रा आला.
पाटी काढली. आईने काढली.

२१ जुलै
बटाट्याचं ऑम्लेट. उलटण्याची हालचाल अगदी बरोबर झाली. ताटली जिथे हवी होती तिथे नव्हती. निल्दा माझ्याकडे पाठ करून फरशी पुसत होती. पाठीवरूनच कळत होतं.
दुपारी मोरी तुंबली. मी पुढे झालो. पाण्याच्या प्रवाहाचं शास्त्र मी शिकून आलोय. निल्दाने प्लंबरला फोन केला.

२४ जुलै
आठवडा संपला. आईने मला आणि निल्दाला बसवलं. मला वाटलं किल्ल्या देणार. दिल्या, निल्दाला. म्हणाली, मी महिनाभर ग्रानादाला जातेय, एन्कार्नाकडे. तिकीट झालंय.
मी म्हटलं, तू कधी विमानात बसली नाहीस. भाषा तीच असली तरी रीतभात वेगळी, गुडघे, उंच चढ. मी सोबत येतो, मला सगळं माहीत आहे. आई म्हणाली, "तुला जेवण माहीत आहे, बाळ. रस्ते तिने मला फोनवर दाखवलेत." मग म्हणाली, "वर्षभर त्या बाईच्या भरवशावर मी इथे शांत झोपले. एकदा तिच्या समोर बसून तिला आयतं वाढायचंय."
मी पाटबंधारे खात्याचं विचारलं. म्हणाली, अर्ज कर, हवं तर. खानावळ काही ती बंद करणार नाही. महिनाभर पाय वर करून बसेल आणि परत येईल.
म्हणजे तत्त्वतः माझीच योजना. फक्त मी तिच्यात नाही.

२ ऑगस्ट
आई पोचली. फोटो पाठवला. दोघी एन्कार्नाबाईंच्या टेबलापाशी, मधे पातेलं, दोघींच्या ओठांना सूप लागलेलं. आई इतकी हसताना मी पाहिली नव्हती. बराच वेळ फोटो बघत बसलो. टेबलाची माझी बाजू रिकामी होती.
निल्दाने हाक मारली, बटाटे सोल. सोलले. तिने सालं बघितली आणि म्हणाली, "बटाटा सालीबरोबरच गेला की रे." सुरी परत घेतली.

७ ऑगस्ट
निल्दाने आज मला बाराच्या आधी बाहेरच्या टेबलावर बसवलं, रस्त्याकडे तोंड करून. सूप, मग भात-मटण, वर कुटलेली मिरची. मी म्हटलं, एवढ्या लवकर मी जेवत नाही. पण वाढलेलं होतं. मान वर केली तेव्हा समोर बसमधून उतरलेली माणसं थांबून बघत होती. त्यातली बरीच आत गेली.

११ ऑगस्ट
रोज बसतोय. खानावळ तुडुंब. निल्दा खिडकीतून सूचना देते: सावकाश चाव, हाड हातात घे, मधे डोळे मीट. ते मी तिने सांगण्याआधीच मिटलेले असतात. जाहिरात विभाग पूर्णपणे माझ्याकडे आला आहे, हे आईला कळवलं. पाटबंधारे खात्यात अर्ज टाकला होता, त्याच्या मुलाखतीचं पत्र आलंय, पण वेळ दुपारी बाराची आहे. त्या वेळेला मी मोकळा नसतो, असं कळवणार आहे.

१३ ऑगस्ट
आज एक कुटुंब दाराशी थांबलं. बाई निल्दाला विचारत होती, हे बाहेर बसलेत ते मालक का. मी पाठ जरा ताठ केली, रुमालाने तोंड पुसलं. निल्दा म्हणाली, "छे हो, मालकीण परदेशात आहे. याला जेवायला ठेवलाय."
ठेवलाय म्हणजे नेमणूकच झाली. लेखी मागून घेणार. उद्या. आत्ता दुसरं वाढप आलं.