बाण शेपटीकडे

दि. ६ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अ. आ. वि. वि.

फोनवर तुझं निम्मं मला ऐकू येत नाही आणि उरलेलं मी चुकीचं ऐकतो, म्हणून पत्र. कारखान्याने कान नेले, बोटं तेवढी ठेवली.

सोबत रिमोटचे हुकूम झेलणारा काडेपेटीएवढा रिसीव्हर पाठवतोय. आमच्या जावईबुवांनी, म्हणजे तुझ्या ह्यांनी, जोडलेल्या छोट्या विमानात बसव. वाऱ्याने पंख कलला की हा आपणहून सरळ करतो, नवख्या हाताला आधार. डबीवरचा बाण विमानाच्या नाकाकडे हवा. चालू करताना विमान टेबलावर सपाट ठेव, हलवू नकोस. मग दोन गोष्टी तपास. रिमोटची दांडी उजवीकडे नेली की उजव्या पंखामागची हलती पट्टी वर गेली पाहिजे. आणि दांडी सोडून, विमानच हातात धरून उजवीकडे कलतं केलंस की तीच पट्टी खाली. पहिलं बरोबर आलं म्हणून दुसरं बरोबर असेलच असं नाही.

जावईबुवा चालवत होते त्या क्रेनवरून ओझं सुटून त्यांच्या जोडीदाराचा पाय गेला, त्याला पाच महिने झाले. चौकशीत दोष साखळीचा निघाला, तरी हा माणूस घराबाहेर पडत नाही. निदान वर आकाशाकडे तरी बघू देत.

उत्तर दोनच ओळींचं आलं तरी चालेल, पण येऊ दे.
तुझा,
दादा

दि. १९ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

बसवला एकदाचा. इस्पितळाच्या धुलाईखात्यात दोघीजणी रजेवर, त्यामुळे सध्या मला दोन-दोन पाळ्या. ओल्या चादरी ओढून खांदे माझे राहिलेले नाहीत. घरी आल्यावर तसंच विमान पुढ्यात घेतलं. ह्यांनी पंख काय सुबक चिकटवलेत! पण तारांना हात लावेनात. म्हणाले, यंत्राचं तू बघ, माझ्या हाताचा आता भरवसा नाही.

तारा आखूड पडत होत्या, पण जमवलं. दांडी हलवली, पट्ट्या बरोबर हलल्या. तुझं ते विमान कलतं करून बघणं राहिलं, डोळे मिटत होते रे. येत्या रविवारी उडवणार आहोत. हे यायला कबूल झालेत!

वहिनीला नमस्कार. तिचंही तू चुकीचं ऐकतोस, की सोयीचं तेवढंच?
लोभ असेलच, पण थोडा काळजीपेक्षा जास्त असू दे.
तुझी,
ठमी

दि. २४ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

विमान पडलं.

हे मैदानापर्यंत चालत आले होते, दाढीबिढी करून. रिमोट ह्यांच्या हातात दिला आणि मी विमान हवेत सोडलं. पंख किंचित कलला आणि सावरायचं सोडून गर्रकन उलटाच झाला. तीन सेकंदांत खेळ खलास. तुकडे ह्यांनीच वेचले. म्हणाले, बघितलंस ना, माझ्या हातात दिलेलं खालीच येतं.

घरी आल्यावर फुटलेल्या पोटातून डबी दिसली. बाण शेपटीकडे. तारा पुराव्यात म्हणून मीच ती फिरवून चिकटवली होती.

दादा, मी बोलले नाही. तुकड्यांचं खोकं माळ्यावर टाकलं. हे भिंतीकडे तोंड करून पडलेत आणि मी कामावर निघालेय. इतकी दमलेय की खरं बोलायचंही त्राण उरलेलं नाही.
ठमी

दि. १ मार्च

चि. ठमीस,
अ. आ.

सांग त्यांना. आजच. दोन पाळ्यांचं कारण खरं आहे, तेही सांग, पण आधी बाण. रागावतील. रागावू देत. पाच महिने हा माणूस फक्त स्वतःवर रागावत बसलाय.

आशीर्वाद नेहमीचेच, आज जरा जास्त.
दादा

दि. १७ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

सांगितलं. खोकं खाली काढून बाण दाखवला. दोन दिवस स्वतःचं ताट स्वतःच वाढून घेत होते. तिसऱ्या दिवशी मी चपला घालत होते, तेव्हा विचारलं की मला का नाही सांगितलंस. मी म्हटलं, भीती वाटली.

मग खाली बसले आणि म्हणाले, त्या दिवशी साखळीचा आवाज मलाही वेगळा वाटला होता. काम आधीच खोळंबलं होतं, म्हणून बोललो नाही. चौकशीतही नाही. मी कामावर उशिरा पोचले. बोलणी खाल्ली.

विमान पुन्हा जोडलंय. डबी ह्यांनी स्वतः बसवली, तारा लांब करून. दोन्ही तपासण्या केल्या, ह्यांनी विमान कलतं धरायचं आणि मी पट्टी सांगायची. गेल्या रविवारी मैदानावर गेलो. तिथे रिमोट माझ्या हातात देऊन म्हणाले, जोडीदाराचं घर इथून दोन गल्ल्यांवर आहे, आधी तिकडे जाऊन येतो.

मी गवतावर टेकले आणि तिथेच झोप लागली. जाग आली तर अंगावर ह्यांचा सदरा, आणि हे गंजिफ्रॉकवर शेजारी बसलेले. जोडीदाराने सगळं ऐकून घेतलं, म्हणाले, आणि कुबडीनेच दार लोटून घेतलं. चौकशीच्या साहेबांनाही हे लेखी देणार आहेत. आणि येत्या रविवारी पुन्हा त्या दारात जाणार. त्याने उघडलं नाही तरी.

वारा अगदी पडलेला होता, उडवायला छान. पण आम्हा दोघांनाही उठवेना. अंधार पडेपर्यंत तसेच बसून राहिलो.

लोभ आहे तिथेच राहू दे, हलवू नकोस.
तुझी,
ठमी