नाव सांगायचं नव्हतं

४ जून
सुनीती कंपनीची प्रमुख झाली! पंचवीस वर्षांपूर्वी महापेतल्या भाड्याच्या लॅबमध्ये काचेच्या नळ्या धुवायला लागलेली माझी पोरगी. आता रुग्णाच्याच रक्तातल्या पेशी काढून, त्यांच्यातला जीन बदलून, पुन्हा त्याच्या अंगात सोडतात तिथे. मला एवढंच कळतं — पेशींकडून शत्रू ओळखायचा धडा घोकून घेतात. आमच्या पावणे गावच्या शाळेत कविता घोकायचो तसा, एका सुरात!

११ जून
हौसेराव आला होता. शाळासोबती. त्याच्या नातीला, मनस्वीला, रक्ताचा कॅन्सर. नऊ वर्षांची! तिच्या पेशी सुनीतीच्याच कंपनीत गेल्यात म्हणे. "ए कवी, तुजी पोरगी मोटी सायबीन हाय ना? मंग कवा येनार कामाला?" हसत म्हणाला, आणि चहा न पिताच गेला.

१४ जून
मनस्वीला भेटलो. केस गेलेत. तिला पेशींचा धडा समजावला.
"आजोबा, आणि विसरल्या तर?"
चालीवर एक कविता म्हणून दाखवली. झोपली. आमच्या वर्गाच्या खिडकीतून मिठागरं दिसायची — ऊन पडलं की पांढरीशुभ्र… कुठे भरकटलो!

१९ जून
हौसेरावाचा फोन. पेशी हव्या तेवढ्या वाढल्या नाहीत. डॉक्टर म्हणतात, आहेत तेवढ्या तरी द्या. पुन्हा काढायला पोरीच्या अंगात ताकद नाही. ठरवणार कंपनी. "सबद टाक रं. आपल्या गावान सबदावर कामा व्हायची."
व्हायचीच! कोण कोणाचा ते सांगितलं की पुढचं बोलावंच लागायचं नाही.
जेवताना सांगून टाकलं — ज्या पोरीच्या पेशी कमी पडल्यात, ती मनस्वी आपल्या हौसेरावाची नात.
सुनीतीचा घास हातातच राहिला. "बाबा! माझ्यापुढे नंबर येतात, नावं नाहीत. मुद्दाम तसं ठेवलंय. ओळखीचा पेशंट असेल तर मला सही करता येत नाही."
"मग कळलंच नाही म्हण!"
"हे तुम्ही सांगताय?"
ताटावरून उठली.

२० जून
तिने ऑफिसात लिहून दिलं. निर्णय आता केयूरचा — तिच्या हाताखालचा, नियमाला पक्का माणूस.
हौसेराव फोनवर, "सांगितलंस ना पोरीला? मंग टेन्शन नाय!"
मी हं म्हणालो. नुसतं हं.

२२ जून
केयूरने नकार दिला. आकडा कमी, नियमात बसत नाही.
दिवसभर कपाटातली पुस्तकं पुसली. पुसलेलीच पुन्हा.

२३ जून
सुनीती निघताना विचारलं — मी गप्प बसलो असतो तर?
चपलेचा पट्टा लावत वाकूनच राहिली.
"अपवाद म्हणून पेशी द्यायचा कागद तयार होता, बाबा. दुसऱ्या दिवशी सकाळी सही करणार होते."